महिनाभराची रजा

गोपिका मिलच्या वाइंडिंग खात्यात लागली तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिली तीन वर्षं ती बदली होती. बदली बाईनं रोज सकाळी सातच्या भोंग्याआधी फाटकाशी येऊन उभं राहायचं. आतली कोणी पक्की बाई आली नाही तर हिला आत घ्यायचे, सगळ्या आल्या तर ही परत घरी. तीन वर्षांत गोपिकानं एकदाही नागा केला नाही. अंगात ताप असतानाही येऊन उभी राहिली. मग एक म्हातारी बाई काम सोडून गेली आणि तिची जागा गोपिकाला मिळाली. पक्की.

काम दिसायला सोपं होतं. कताईतून सूत भरलेल्या बॉबिनी यायच्या, त्यावरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळायचं. गुंडाळायचं काम मशीनचं. पण धागा तुटतो, बॉबिन संपते, आणि दर वेळी दोन टोकं बाईलाच जोडावी लागतात. गाठ इतकी बारीक हवी की पुढे मागावर फणीच्या दातांतून न अडता निघून जावी. जाड गाठ गेली की विणकराचा धागा तुटतो आणि तो वाइंडिंगच्या बायांचा उद्धार करतो. गोपिकाच्या गाठीवरून दहा वर्षांत कोणी ब्र काढला नव्हता. आठ तास उभं राहून ती हजारांनी गाठी बांधायची. खात्यात बसायला स्टूल नव्हतं, आणि असतं तरी बसायला वेळ नव्हता.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, त्र्याहत्तर साली, तिला मुलगी झाली. नाव शामला ठेवलं. नवरा रुपराव मोतीबागेत रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता. सासू कधीच वारली होती. घरात सासरे होते, त्यांना सगळी टांडापेठ दादाजी म्हणायची. जन्मभर हातमागावर लुगडी विणलेला माणूस. गुडघे गेले तसा तीन वर्षांपूर्वी माग थांबला, तो पुढच्या खोलीत तसाच उभा होता. त्यावर गोधड्या ठेवलेल्या असत.

बाळंतपणाची तीन महिन्यांची रजा संपली तशी गोपिका कामावर गेली. शामलाला मिलच्या पाळणाघरात ठेवलं. पाळणाघर वाइंडिंग खात्याला लागूनच, मधे फक्त एक भिंत. मशीन चालू असली की ती भिंतही थरथरायची. दाई एकच, यमुताई, आणि पोरं बावीस. पण तिनं कुणाला ओलं ठेवलं नाही की उपाशी ठेवलं नाही. अंगावर पाजणाऱ्या बायांना दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं मिळत. त्यातली चार जाण्यायेण्यात जायची. उरलेल्या अकरात गोपिका पोरीला पाजायची, तिच्या केसांत अडकलेली रुई वेचायची आणि परत मशीनवर यायची.

शामला सात महिन्यांची असताना एकदा ती दुपारी पाजायला गेली, तर यमुताई दारातच म्हणाली, "आज बसली वं तुही पोरगी! हात न टेकवता. मी टाळ्या वाजवल्या तं माह्याकडं पाहून हासे."

"हो का?" गोपिका म्हणाली. पोरीला उचललं, पाजलं, रुई वेचली. पोरगी पाळण्यात आडवी. बसलेली काही ती दिसली नाही. वेळ संपला.

त्या दुपारी गोपिकानं बांधलेल्या दोन गाठी सुटल्या. तिनं कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी शामलाला खोकला लागला. रुईचा खोकला, मिलमधल्या सगळ्यांनाच थोडाफार असतो. पण एवढ्याशा जिवाला उबळ आली की बघवत नसे. गोपिकानं रात्रीच्या जेवणावर रुपरावला म्हटलं, "मी काम सोडू म्हणते."

"सोडाचं असन तं सोड," रुपराव म्हणाला. "ठेवाचं असन तं ठेव."

"म्हणजे काय? तुम्ही काहीतरी म्हणा ना."

"मी सोड म्हटलं तं दहा वर्सांनी म्हणशीन, यायनं सोडाले लावलं. ठेव म्हटलं तं म्हणशीन, बायकोले राबवलं. मले दोन्हीकडून मार खायाचा नाही बाप्पा. माह्या पगारात आपलं भागन. एवढंच सांगतो." आणि त्यानं दुसरी भाकर मागून घेतली.

खात्याची नायकीण, म्हणजे बायांची मुकादम, कांताबाई. पन्नाशीची, आवाज मशीनच्या वर जाणारा. गोपिका राजीनाम्याचं बोलली तशी तिनं कमरेवर हात ठेवले.

"काहून वं? सासऱ्यानं हाकललं का नवऱ्यानं?"

"कोणी नाही. पोरीले खोकला हाय."

"खोकल्यापाई पक्की जागा सोडतं का कोणी? खोकला आठ रोजात जाते. जागा गेली का गेली."

"तरी सोडते म्हणते."

"तू म्हणशीन वं. पण मी कागद घेत नाही."

या खात्याची एक रीत होती. कायद्यात नव्हती, कांताबाईनं पाडली होती. बाईनं काम सोडते म्हटलं की त्या दिवशी तिचा कागद वर जायचा नाही. महिनाभराची बिनपगारी रजा टाकायची, तिच्या मशीनवर एक बदली बाई उभी करायची, आणि महिना झाला की परत विचारायचं. तरुणपणी कांताबाई स्वतःच सासूशी भांडून रागात राजीनामा देऊन मोकळी झाली होती. नवव्या दिवशी परत आली तेव्हा जागेवर दुसरी. मग अडीच वर्षं फाटकाशी बदली म्हणून उभी राहिली. त्यातून ही रीत निघाली होती.

"महिना घरी राह्य," ती म्हणाली. "पोरीजवळ बस. मंग ये आन सांग. तवर तुह्या मशीनवर सुमतीले उभी करते."

सुमती कामठीची. चोवीस वर्षांची विधवा, घरी आई. सकाळच्या पहिल्या बसनं यायची, दोन वर्षं बदलीतच होती. तिनं गोपिकाकडे पाहिलं नाही. खाली मान घालून बॉबिनी लावायला लागली. गोपिका परतलीच तर सुमती परत फाटकाबाहेर, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी गोपिका घरी राहिली तेव्हा तिला वाटलं, आता पोरगी पोटभर झोपेल. गल्लीत त्या साली शांतताच होती. सुताची टंचाई पडली होती, शेजारपाजारचे सगळे माग बंद होते. एरवी टांडापेठेत पहाटेपासून खटखट असायची, ती नव्हती. शामला दूध प्यायली, डोळे मिटले आणि पाच मिनिटांत दचकून उठली. परत थोपटलं, परत उठली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी झोपेनं डोळे चुरचुरून ती जी रडायला लागली ती थांबेना.

मग सगळे तिला शांत जागा करून द्यायच्या मागे लागले. दादाजी खोकायला अंगणात जायला लागले. रुपराव घरात खिळा ठोकायचा थांबला. शेजारची प्रयागबाई भिवापूरची मिरची कांडायला बसली होती, तिनं उखळ उचलून पार विहिरीपलीकडे नेलं. "पोर झोपू दे वं माय," म्हणाली आणि उन्हात बसून कांडली. तिनंच मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. डॉक्टरनं पोट तपासलं, कान तपासले. काही नाही म्हणाला. घर जितकं गप्प झालं तितकी शामला जागी. खोकला मात्र कमी होत चालला होता, त्याबद्दल कोणी काही बोलेना, कारण कोणी झोपलंच नव्हतं.

आठव्या दिवशी घरातलं पीठ संपलं. गोपिका ज्वारीची पिशवी डोक्यावर आणि रडणारी पोर कडेवर घेऊन कवडूच्या चक्कीवर गेली. चक्की जोरात चालू होती. पट्टा फडफडत होता, फळ्या हादरत होत्या. ज्वारी डब्यात ओतून होईपर्यंत शामलाची मान गोपिकाच्या खांद्यावर पडली. गाढ झोप. दळण झालं, गोपिका घरी आली, दार लावलं आणि पोरगी जागी.

दुसऱ्या दिवशी गोपिका रिकाम्या हातानं चक्कीवर गेली.

"दळण कुठं हाय वहिनी?" कवडूनं विचारलं.

"दळण नाही. पोरीले झोपवाले आली."

"इथं? या आवाजात?" कवडूनं एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "अन् मले घरी बायको म्हणते, चक्कीवरून येऊन मोठ्यानं बोलू नोका, पोरं उठतात."

शामला झोपलेली होती. गोपिका पिठाच्या पोत्यावर दीड तास बसली. पदर, केस, भुवया पांढऱ्या झाल्या. तिथं बसल्याबसल्या तिच्या ध्यानात आलं की ही पोर तीन महिन्यांची असल्यापासून भिंतीला चिकटून झोपत आली. भिंतीपलीकडे मशीन. हिच्या लेखी आवाज म्हणजेच घर. आणि आपण सगळे आठ दिवस हिचं घर काढून घेत होतो.

घरी येऊन तिनं दादाजींना सांगितलं, "मामाजी, हिले मशीनचा आवाज पाह्यजे."

दादाजींनी मागाकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिकामा माग ठोकाचा नसते. माह्या बापानं कधी ठोकला नाही, मीबी नाही ठोकणार."

"तुमाले ठोका कोण म्हणते?"

"मी म्हणून राहिलो ना. रिकामा नाही ठोकणार म्हटलं. गोधड्या काढ."

माळ्यावर एक अर्धवट ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, गुंडाळून ठेवलेला होता, माग थांबला तेव्हाचा. तीन वर्षांत उंदरांनी त्याचे बरेच धागे कुरतडले होते. गोपिकानं तो खाली उतरवला आणि दोन दिवस धागे जोडत बसली. पोर मांडीवर, रडतीच. दोन दिवसांत किती जोडले ते तिनं मोजलं नाही, पण बोटांना सवय होती. मिलमध्ये ती उभ्यानं जोडायची, इथं बसून. त्यानंच तिच्या पाठीला रग लागली.

दादाजींनी तिची गाठ नखानं चाचपून पाहिली. "ही कोणं शिकवली?"

"मिलनं."

"बरी हाय," दादाजी म्हणाले. त्यांनी आपल्या पोरालाही कधी एवढं म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरले. गुडघे कडकडा वाजले. पावडीवर पाय ठेवला, धोटा फेकला, हातानं ठोका दिला. खट. परत धोटा, परत ठोका. दहा-बारा ठोक्यांत शामलाच्या डोळ्यांवर झापड आली. पाळणा मागाशेजारीच टांगला होता. दादाजींना दरदरून घाम सुटला होता.

"आता थांबा मामाजी, झोपली ती."

"थांबलो तं उठन ना," ते म्हणाले आणि विणत राहिले.

मग तोच नेम झाला. सकाळी तास, दुपारी तास. मधे गुडघ्यांना तेल लावायचं. कापड रोज दोन-चार बोटं पुढे सरकायचं. गल्लीत बंद पडलेल्या मागांत एक माग चालू झाला, तो पोरीला झोपवायला, यावर प्रयागबाई चार घरं सांगून हसली आणि उखळ परत दारात आणलं.

चौथ्या आठवड्यात दादाजी स्वतःच म्हणाले, "सूनबाई, तू जा आता मिलमधी. पोर मी पाहीन. वरचं दूध पेते आता. झोपवाले माग हाय. जागा काहून घालवतं? तीन वर्स उभी राहिली तू तिच्यासाठी."

रुपराव म्हणाला, "मंग झालं तं! खोकला गेला, झोप आली. चिंता मिटली."

गोपिका भांडी घासायला बसली. ज्या कारणासाठी तिनं काम सोडते म्हटलं होतं ते कारण आता उरलं नव्हतं. सासऱ्यांनी, ज्यांना दोन पायऱ्या चढवत नव्हत्या, रोज दोनदा खड्ड्यात उतरून तिची जागा तिला परत मिळवून दिली होती. कोणत्या सुनेला सासरा असा मिळतो? आता सोमवारी जाऊन मशीनसमोर उभं राहायचं, एवढंच बाकी. तिला काम आवडत होतं. नीट केलेलं काम हातात आलं की बरं वाटायचं. हेही तिला नाकारता येत नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी दादाजी माग थांबवून कापडाचा काठ बघत होते. शामला जमिनीवर रांगत होती. रांगत ती मागाच्या खांबाशी गेली, दोन्ही हातांनी खांब धरला आणि उठली. उभी. पाय लटपटत होते, तोंड उघडं. एक, दोन, तीन श्वास एवढा वेळ ती उभी राहिली आणि धप्पकन बसली. मग आपण काय केलं ते आईनं पाहिलं का, म्हणून तिनं मागे वळून बघितलं.

गोपिकानं पाहिलं होतं.

दादाजींना तिनं सांगितलं नाही. रुपराव घरी आला, त्यालाही संध्याकाळभर सांगितलं नाही. थोडा वेळ तरी ते तिचं एकटीचं असावं असं तिला वाटलं. जेवताना सांगितलं, तेव्हा रुपराव म्हणाला, "अन् आता सांगून राहिली?" मग तिच्या तोंडाकडे बघून पुढं काही विचारलं नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास ती मिलमध्ये गेली. फाटकावरच्या चंपतरावानं ओळखून आत सोडलं. खात्यात शिरताच नेहमीची गरम, तेलकट हवा तोंडावर आली. सुमती मशीनवर होती. गोपिकानं आधी भरलेला एक कोन उचलून त्यावर अंगठा फिरवला. मग दुसरा. तिसऱ्यावर अंगठा अडला.

"ही गाठ कोणाची?"

"माहीच," सुमती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"जाड हाय. तोड, परत बांध."

सुमतीनं तोडली, बांधली. या खेपेला अंगठा अडला नाही.

"अशी पाह्यजे," गोपिका म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. प्रत्येक पक्क्या बाईचा भिंतीत एक खिळा असायचा, डब्याची पिशवी अडकवायला. गोपिकाचा खिळा रिकामा होता. सुमतीची पिशवी त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर, रुईत माखलेली. महिनाभर तिनं ती वर अडकवली नव्हती.

कांताबाई आली. "झाला महिना. बोल. पोरीचा खोकला कसा हाय?"

"गेला."

"झोपते?"

"झोपते. मामाजी माग चालवतात."

"ऐकलं. सारी मिल हासून राहिली. मंग अडलं काय? उद्यापासून ये."

"बाई, मी सोडते."

कांताबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "कायले? आता तं कारण नाही."

"पोरीपाई नाही. माह्यापाई," गोपिका म्हणाली. मशीनच्या आवाजात ते मोठ्यानं बोलावं लागलं, आणि मोठ्यानं बोलल्यावर ते तिला खरं वाटलं. "ती परवा उभी राहिली, मी पाहिलं. बसली तवा यमुताईनं पाहिलं होतं. आता चालन, बोलन. मले पाह्याचं हाय."

शेजारच्या दोघी ऐकत होत्या, हात मात्र चालू.

"माहे चार पोरं," कांताबाई म्हणाली. "चारही कवा चालले, मले कोणी ना कोणी येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जा. कागद देते वर. सही नीट कर, तुहे अक्षर कोणाले वाचता येत नाही."

गोपिका वाकून तिच्या पाया पडली. "तुम्ही महिना देला नसता तं मले समजलंच नसतं बाई. खोकल्याच्या नावानं सोडलं असतं अन् जन्मभर खोकल्याले दोष देला असता."

"उठ, मशीन बंद पडून राहिलं तिचं," कांताबाई म्हणाली.

गोपिकानं सुमतीची पिशवी उचलली, झटकली आणि खिळ्याला अडकवली.

"धागा तुटला पाह्य," गोपिका म्हणाली. "तिकडं. दुसऱ्या टोकाले." सुमती धावली.

सही करून ती पाळणाघरात गेली. यमुताई एकाला थोपटत, दुसऱ्याला पायानं झोका देत होती. गोपिकानं तिच्या हातात चोळीच्या खणाचं कापड ठेवलं. "साडेचार महिने तुम्ही पाहिली तिले."

"अवं, बसली तवा काय हासली होती!" यमुताई म्हणाली. "पाह्यत राह्यजो हो. डोळा लागला का मोठे होतात."

अकरा वाजून गेले होते. गोपिका फाटकाशी आली तसा चंपतरावानं हात आडवा केला.

"पास?"

"कायचा पास?"

"सुट्टी साडेतीनले. आता जाचं तं पास पाह्यजे."

"चंपतराव, मी काम सोडलं. आता कामावर नाही मी."

"कामावर नाही तं बिना परवानगीची आत आली कशी?" चंपतरावानं विचारलं. मग तोच आधी हसला. "बस बाई इथं. पोराले पाठवतो हापिसात, पास आणन तो."

त्यानं आपलं स्टूल पुढे सरकवलं. गोपिका बसली. तेरा वर्षांत ती या मिलच्या कुंपणाच्या आत पाय मोकळे सोडून बसली नव्हती. चंपतरावानं माठातलं पाणी दिलं, ते ती सावकाश प्यायली. पास यायला वीस मिनिटं लागली. कागदावर जाण्याचं कारण लिहायची जागा होती. चंपतरावानं पेन्सिल थुंकीनं ओली केली.

"काय लिहू?"

"घरी काम हाय, लिहा," गोपिका म्हणाली.

त्यानं लिहिलं आणि फाटक उघडलं.